पौरोहित्य, तीन तास

झाशीच्या नगरा भागात टेंब्यांचं घर विचारलं, तर भाजीवाला आधी खात्री करून घेतो, "पंडिताइन के यहाँ?" आणि मग अशा चेहऱ्याने रस्ता दाखवतो, जणू पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. अलकनंदा टेंबे यांच्या रागाची ख्याती एवढी आहे. वय एकोणसाठ, अंगाने काडी, पूजेपुरती नऊवारी आणि एरवी सुती पाचवारी. आवाज मात्र असा की पुण्याहवाचन सुरू झालं की शेजारच्या घरातला टीव्ही आपसूक बंद होतो. देवाधर्माचं इतकं करणाऱ्या बाईला इतका राग शोभतो का, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं.

टेंब्यांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून झाशीला आले ते पूजाअर्चेसाठी, आणि तेव्हापासून इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, श्राद्धं याच घराने सांभाळली. शेवटचे सांभाळणारे कमलाकर गुरुजी, अलकनंदाबाईंचे यजमान. ते ओटीवर मुलांना संथा द्यायचे आणि अलकनंदाबाई आत कणीक तिंबता तिंबता ऐकायच्या. एखाद्याचा स्वर घसरला की आतून लाटणं आपटल्याचा आवाज यायचा, आणि गुरुजी हसून म्हणायचे, पुन्हा म्हण रे, आतल्या गुरुजींना पटलं नाही. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा पोथी अलकनंदाबाई वाचायच्या आणि हात गुरुजींचे चालायचे. एकुलती एक रेवती दोघांच्या मध्ये बसून दुर्वा निवडायची. दुर्वा निवडता निवडताच तिला सगळं पाठ झालं.

सहा वर्षांपूर्वी गुरुजी गेले. मराठी मंडळींनी वर्षभर ग्वाल्हेरहून भटजी आणवले. त्यांचं येणं-जाणं, त्यांचा फराळ, त्यांच्या वेळा, सगळं जड झालं, तेव्हा लोक नाइलाजाने अलकनंदाबाईंकडे आले. बाईच्या हातून पूजा करून घेतोय म्हणजे आपण काहीतरी मोठं मन दाखवतोय, असा त्यांचा आव असायचा. अलकनंदाबाईंनी तो गिळला, कारण काम त्यांना हवं होतं आणि येतही होतं.

गिळता आलं नाही ते झाशीजवळच्या बरुआसागरचं. एका कारखान्यातल्या इंजिनिअरने तिथे तळ्याच्या बाजूला घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत. अलकनंदाबाई पहाटेच्या बसने गेल्या, साडेचार तास होमासमोर बसल्या, धुराने डोळे लाल झाले. जेवणं झाल्यावर घरमालकाने हलवायाला ठरलेलं दिलं, मांडववाल्याला ठरलेलं दिलं, जनरेटरवाल्याने तर जास्तीच्या तासाचं भांडून घेतलं. मग अलकनंदाबाईंच्या हातात नारळ, खण आणि एक पातळ पाकीट ठेवून तो वाकून म्हणाला, "काकू, दक्षिणा तर स्वेच्छेचीच असते ना." पाकिटात होतं ते बसभाडं वजा जाता हलवायाच्या पोऱ्याच्याही मजुरीपेक्षा कमी.

त्या आठवड्यात त्यांनी अर्ध्या कागदावर दरपत्रक छापून घेतलं. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, मुंज, समोर आकडे. झाशीच्या मराठी घरांत नुसती खळबळ. धाकटे दीर जयंत, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, ते कागद दोन बोटांत धरून घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, टेंब्यांच्या सात पिढ्यांत कुणी तोंड उघडून मागितलं नाही."

"म्हणून तर सात पिढ्या तुमच्या घरच्या बायकांनी शेजारून पीठ उसनं आणलं, भाऊजी," अलकनंदाबाई म्हणाल्या. "हा देवाचा दर नाही. देव फुकट आहे. हा माझ्या घशाचा, गुडघ्यांचा आणि चार तासांचा दर आहे. काम आहे ते. कामाला कामच म्हणायचं."

रेवती तेव्हा बीएस्सीला होती. तिने हे दारात उभं राहून ऐकलं. ऐकलेलं पाठ करायची तिला लहानपणापासून सवयच.

दोन वर्षांनी ती अन्नशास्त्र शिकायला इंग्लंडला गेली. सिव्हिल लाइन्समधल्या कन्सल्टंटने सगळे कागद केले, आणि निघायच्या आधी आई-मुलीला समोर बसवून एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: आठवड्याला वीस तास काम, त्यावर एक मिनिट नाही. अलकनंदाबाईंनी हा नियम चातुर्मासाच्या नेमासारखा धरला. फोनवर जेवलीस का नंतर दुसरा प्रश्न, तास किती झाले. रेवतीला एका बेकरीत काम मिळालं, शनिवार-रविवार. एकदा मालकिणीने अर्धा तास थांब म्हटलं, तर ही थांबली नाही. आईला सांगितलं, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली.

माघात तिथल्या क्षमा नावाच्या बाईंनी नवं घर घेतलं. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा-बायको दोघंही मोठ्या नोकरीत. गावात भटजी नाही. कुणीतरी रेवतीचं नाव सांगितलं. रेवतीने वास्तुशांत केली, आणि क्षमाताईंनी किती द्यायचे विचारलं तेव्हा खाली मान न घालता आकडा सांगितला. मग एक सत्यनारायण झाला, मग एक बारसं. क्षमाताईंनी फोनवर अलकनंदाबाईंना सांगितलं की मुलगी काय खणखणीत म्हणते, डोळ्यांत पाणी आलं. अलकनंदाबाईंच्याही आलं. आपल्याला साठीला येता येता जे तोंडाने म्हणता आलं, ते पोरीला चोविसाव्या वर्षी आलं, याचं त्यांना त्या पैशापेक्षा अप्रूप.

वैशाखात विद्यापीठाच्या कचेरीने बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. काम करता का, कुठे, आठवड्याला किती तास. दोन्ही मिळून वीसच्या आत आहेत ना, हे रेवतीने नीट मोजलं आणि लिहिलं: बेकरी, सोळा तास. खाली लिहिलं: पौरोहित्य, तीन तास.

चार दिवसांनी तिला बोलावणं आलं. समोरची बाई शांत होती, चहाही विचारला. बेकरीचं ठीक आहे म्हणाली. या दुसऱ्या कामात तुझा मालक कोण? रेवती म्हणाली, मालक कुणी नाही. मग पगार कोण ठरवतं? मी सांगते, रेवती म्हणाली. तास कोण ठरवतं? मुहूर्त बघून मीच. त्या बाईने पेन खाली ठेवलं. मग तिने सांगितलं की तास किती हा प्रश्नच नाही. विद्यार्थ्याच्या व्हिसावर दुसऱ्याकडे नोकरी करता येते, वीस तास. स्वतःचा धंदा करता येत नाही, तीन तासही नाही, एक तासही नाही. हा तुझा धंदा ठरला, तर आम्हाला तो सरकारला कळवावा लागेल, आणि मग तुझा व्हिसा जाऊ शकतो. प्रबंध द्यायला पाच महिने राहिले होते.

तिने एक वाटही दाखवली. हा धंदा आहे की तुमच्या धर्मातली रीत आहे? रीत असेल, लोक आपखुशीने काही हातावर ठेवत असतील, तर तुमच्या गावच्या एखाद्या संस्थेचं आणि घरच्या मोठ्यांचं तसं पत्र आण. आठ दिवसांत.

रेवतीने हे सगळं आईला दुपारी फोनवर सांगितलं. तिकडे सकाळ होती. अलकनंदाबाईंच्या हातात वाती होत्या. त्या तशाच हातात राहिल्या.

राग कुणावर काढावा हेच आधी त्यांना कळेना. मग कळलं. पायांत चपला सरकवून त्या ई-रिक्षाने सिव्हिल लाइन्सला गेल्या. कन्सल्टंटच्या थंडगार कचेरीत परदेशी घंटाघरांची चित्रं लावलेली आणि चार आईबाप फायली मांडीवर घेऊन बसलेले. त्यांच्यासमोरच अलकनंदाबाईंनी विचारलं की धंद्याचं का सांगितलं नाहीत. त्याने न चिडता फाइलची प्रत काढली, चौदावं पान उघडलं आणि बोट ठेवलं. लिहिलेलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत, पण होतं.

"पढ़ लेना था ना, आंटी जी. और पूजा-पाठ कोई काम थोड़े ही है? बिटिया ने लिखा ही क्यों?" मग आवाज खाली आणून, मोठ्या मायेने, "फॉर्म में सब सच कौन लिखता है?"

"तुमने दस बार बीस घंटे कहा, भैया. एक बार चौदहवाँ पन्ना क्यों नहीं पढ़ा?" अलकनंदाबाई म्हणाल्या. बसलेल्या आईबापांनी एकदम आपापल्या फायलींची चौदावी पानं उघडली. तेवढंच त्या दिवशीचं पुण्य.

घरी येताना रिक्षात त्यांना त्या नियमाचा राग आला, आणि हा राग कन्सल्टंटवरच्या रागापेक्षा खोल होता. दुसऱ्याच्या भट्टीत पाव भाजला तर वीस तास चालतो. बापाने ओटीवर बसून जी विद्या दिली, तिचं एक मिनिट चालत नाही. परक्या मुलखात पोरगी नोकर म्हणून चालते, जाणती म्हणून नाही. असा नियम करणाऱ्याने कधी कुणाच्या पायाशी बसून काही शिकलं असेल का, असं त्या रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. तो म्हणाला, "हओ माताजी," आणि रिक्षा जरा जोरात हाकली.

संध्याकाळी जयंत भाऊजी मंडळाचा छापील कागद घेऊन हजर. रेवतीने त्यांनाही कळवलं होतं. पत्र त्यांनी इंग्रजीत टाइप करून आणलं होतं आणि मराठीत वाचून दाखवलं. पौरोहित्य हे काम नाही, ती सेवा आहे. टेंबे घराण्यात तिचा मोबदला कधीही मागितला गेला नाही व मागितला जात नाही. यजमान स्वेच्छेने देईल ती दक्षिणा. खाली मंडळाचा शिक्का, सेक्रेटरींची सही, आणि रेवतीच्या आईच्या सहीसाठी मोकळी जागा.

अलकनंदाबाई म्हणाल्या, हे खोटं आहे. भाऊजी म्हणाले, दादा होता तोवर सगळं खरंच होतं, दर फक्त तुम्ही लावलात, वहिनी, आणि आता बघा. एका हाताने आकडे छापायचे आणि दुसऱ्या हाताने ही सही करायची, असं चालणार नाही. उद्या कुणी तपास केला तर? तेव्हा ते दरपत्रकही आजपासून बंद. असं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होतीच, ती खोटी नव्हती. पण काळजीच्या खाली जे होतं ते अलकनंदाबाईंना स्पष्ट दिसलं. या सहीची ते चार वर्षं वाट बघत होते.

त्यांनी कागद ठेवून घेतला आणि रेवतीला फोन लावला.

"हे लिहून द्यायचं म्हणजे देवासमोर बसून खोटं बोलायचं," त्या म्हणाल्या. "तुला कळतंय ना?"

"कळतंय. आई, साइन कर दे ना. पाँच महीने."

"फॉर्ममध्ये लिहायला तुला सांगितलं कुणी होतं?"

रेवती हळू म्हणाली, "तूच. कामाला कामच म्हणायचं, असं तूच म्हणालीस ना? मैंने वही लिखा."

अलकनंदाबाईंनी फोन ठेवला, देवघरात दिवा लावला, आणि देवाकडे पाठ करून, ओटीवर येऊन सही केली. आत बसून करवेना. पेन इतकं दाबलं की खालच्या वर्तमानपत्रावरही नाव उमटलं.

पत्र चाललं. तीन आठवड्यांनी कचेरीने कळवलं की खुलासा नोंदवून घेतला आहे, सरकारला काही कळवत नाही, मात्र यापुढे अशा कोणत्याही विधीसाठी काहीही स्वीकारू नये. बिनमोबदला करायला हरकत नाही. रेवती फोनवर रडली ती सुटकेने, आणि शेजारच्या बुंदेली काकू कुंपणावरून ओरडून विचारत्या झाल्या, "काए पंडिताइन, मोड़ी की कछू खबर आई?" आली, पोरीचं सगळं नीट झालं, असं अलकनंदाबाईंनी सांगितलं. नीट झालं होतंच.

पण त्या सहीला पाय फुटले. भाऊजींनी पत्राचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, आपल्या मंडळाच्या प्रयत्नांना यश. आठ दिवसांत नगऱ्यातल्या एका घरी सत्यनारायण झाला आणि यजमानीण पाकीट पुढे करत हसली. "वहिनी, आता तुम्हीच लिहून दिलंय म्हणे. मग यथाशक्ती हं." अलकनंदाबाईंना बोलता येईना. बोलल्या असत्या आणि ते ग्रुपवर गेलं असतं, तर काय सांगावं, तिकडच्या कचेरीपर्यंतही गेलं असतं. पोरीचे पाच महिने त्यांच्या जिभेवर येऊन बसले होते.

तिकडेही तेच. क्षमाताईंचा फोन आला, आवाजात साखर. रेवतीला फुकट करायला परवानगी मिळाली, किती छान झालं; आता आमच्या ग्रुपमधली चार-पाच घरं रांगेत आहेत, मुलीला पुण्यही लागेल. प्रबंधाच्या ऐन धांदलीत रेवतीने एका रविवारी बेकरी सुटल्यावर तीन तास बसून सत्यनारायण सांगितला आणि रात्रीच्या बसने उपाशी खोलीवर गेली, कारण प्रसादाचा शिरा संपला होता. हे तिने हसत सांगितलं. अलकनंदाबाई हसल्या नाहीत.

"आता कुणाकडे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "पैसे घेऊन जायचं नाही, ते त्यांचा नियम म्हणून. फुकट जायचं नाही, ते माझा नियम म्हणून."

"आई, देवाच्या पूजेला नाही कसं म्हणायचं?"

"पूजेला नाही म्हणू नकोस. पोथी त्यांच्याकडे पोचती कर. वाचता त्यांनाही येतं. शिरा भाजता येतो तर कथाही वाचता येईल."

रेवतीने तसं केलं. आणि त्याच दिवसापासून अलकनंदाबाईंनी झाशीतही जाणं थांबवलं. आवाज केला नाही, कारण सांगितलं नाही. श्रावणातली मंगळागौर आली, त्या म्हणाल्या, जमणार नाही. एका घरचं वर्षश्राद्ध आलं, म्हणाल्या, ग्वाल्हेरला विचारा. लोकांना वाटलं, गुडघे दुखत असतील. त्यांच्या घराण्यात देवाचं बोलावणं कुणी परतवलं नव्हतं, तापातसुद्धा नाही. दर नकारानंतर त्या देवघरात जाऊन एक माळ जास्त ओढायच्या, पण नकार मागे घ्यायच्या नाहीत.

गणेशचतुर्थीच्या आधी सहा दिवस भाऊजी आले. पेढ्यांचा पुडा होता. मंडळाच्या गणपतीची स्थापना परंपरेने टेंब्यांकडची. यजमान म्हणून ते स्वतःच बसणार होते. खुर्चीत टेकून ते म्हणाले की सकाळी नऊचा मुहूर्त आहे, गाडी पाठवतो, आणि आता दराची कटकट नाही तेव्हा मंडळही मोकळ्या मनाने दक्षिणा देईल.

अलकनंदाबाईंनी पुडा तसाच त्यांच्या बाजूला सरकवला. "त्या पत्रात तुम्ही काय लिहिलं होतंत, भाऊजी? पहिलं वाक्य."

ते त्यांना पाठ होतं. थोड्या अभिमानानेच म्हणाले, "पौरोहित्य हे काम नाही."

"मग जे काम नाहीच, त्याला माणूस कशाला लागतं?"

भाऊजींना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. रेवतीचं नाव काढलं, घराण्याचं काढलं, थोरल्या भावाचंही काढलं. मग खुर्चीच्या कडेवर येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही देवाला नाही म्हणताय."

"देवाला नाही. तुम्हाला." आवाज चढला नव्हता, त्यामुळेच भाऊजी उठले. "पोरीची पदवी हातात येईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही, कारण मी सही केली आहे. ती घरी आली की पहिल्या पूजेला दर सांगेन, आणि तुमच्या मंडळाच्या पायरीवर उभी राहून सांगेन. तोवर सेवा तुम्ही करा. शिक्का तुमच्याकडेच आहे."

चतुर्थीला त्यांनी घरचा गणपती बसवला, एकट्याने, मोठ्या आवाजात. शेजारचा टीव्ही बंद झाला. दुपारी बुंदेली काकूंचा मुलगा मंडळाकडून जेवून आला आणि तिथली हकिगत रंगवून सांगू लागला. जयंतजींनी मोबाइल लाउडस्पीकरला जोडून त्यावरच्या मंत्रांनी स्थापना केली. मधेच बनियनची जाहिरात लागली, सगळे फिदीफिदी हसले. जाहिरात गेली तेव्हा मंत्र पुढे निघून गेला होता, आणि जयंतजी पळी हातात धरून इकडेतिकडे बघत राहिले.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. अलकनंदाबाईंनी विचारलं, नेमका कुठे तुटला? मुलाला ते काय सांगता येणार. म्हणाला, मूर्तीच्या छातीला हात लावून म्हणतात ना, तिथे.

प्राणप्रतिष्ठा. तिथे तुटला आणि माणसं हसली. अलकनंदाबाईंची कानशिलं तापली. भाऊजींचा राग आला, त्या हसणाऱ्यांचा आला, इंग्लंडच्या त्या शांत बाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या सहीचा. काकू गेल्यावर त्यांनी हातपाय धुतले, दार लोटलं, आणि मंडळाचा मंडप ज्या दिशेला होता तिकडे तोंड करून तो मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. एकही स्वर घसरला नाही. हे कुणाला कळलं नाही, रेवतीलाही त्यांनी सांगितलं नाही.